उसाच्या रसातला उजेड

"हाऊ रस ले. बाकी सामान कोठे शे तुन्हं?" बापूंनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं. एका हातात उसाच्या रसाचा डबा, दुसऱ्या हातात दोरीचं वेटोळं. खाली पिकअप उभी होती. वसतिगृहातली माझी गादी, पेटी आणि पुस्तकं तिच्यात टाकून मला नंदुरबारहून कळसाडीला न्यायचं ठरलं होतं.

ठरवलं मीच होतं. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणी माझ्या वडलांना नावं ठेवायला नको. भौतिकशास्त्रातल्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं आणि माझं धाबं दणाणलं होतं. आमच्या आधी पहिला आलेला मुलगा सुरतेला साड्यांच्या गोदामात लागला होता. दुसरी एक हुशार मुलगी विमा विकत होती, आणि तिला बघून लोक रस्ता बदलत होते. हे शिकून पुढे काय, असं घरी कुणी विचारलं की मी "खूप काही असतं" म्हणायचे आणि जेवायला काय आहे ते बघायला उठायचे. शेवटी मीच फोन केला. "बापू, माले लेवाले या. शहादाले तलाठीनी परीक्षाना क्लास लावसू."

खरं तर माझी भीती रोज माझ्यासमोर उभी राहून शिकवायची. नवनीत सर. पीएच.डी. झालेले, सेट पास झालेले, आणि इतकी वर्षं तासिका तत्त्वावर. दर जूनला नवी नेमणूक होते की नाही याची वाट बघायची आणि उन्हाळ्यात चुलतभावाच्या दुकानात ठिबकच्या नळ्या विकायच्या. मी खूप अभ्यास केला, सगळं नीट पार पडलं, तर मी नवनीत सर होणार होते. सरांबद्दल मला फार आदर होता आणि सरांसारखं व्हायची तितकीच धास्ती होती.

रसाची भानगड मात्र हौसेची. त्या दिवशी पोलॅरिमीटरचा, म्हणजे साखरेच्या पाण्यातून जाताना उजेड किती वळतो ते मोजायचा, प्रयोग होता. त्याला लागणारी साखर मुलांनीच आणायची, अशी आमच्याकडे पद्धत. सगळे पुड्या घेऊन येतात. उसाच्या घरच्या पोरीने दुकानातून साखर आणायची हे काही मला पटेना. जाता जाता एक प्रयोग आपल्या उसावर करू, म्हणून बापूंना येताना ताजा रस आणायला सांगितलं होतं.

मी मोठ्या ऐटीत रस काचेच्या नळीत भरला, नळी यंत्रात ठेवली आणि डोळा लावला. मिट्ट काळोख. हसू दाबत सर म्हणाले, "अगं, इतक्या गढूळ रसातून उजेड पलीकडे जाईल कसा?"

सगळी ऐट उतरली. मग आमच्या शेजारचं गुऱ्हाळ आठवलं. तिथे रस तापला की भेंडीची झाडं ठेचून घालतात. भेंडीच्या चिकाने सगळा मळ फेसाबरोबर वर येतो आणि खाली रस निवळतो. मी पळत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले आणि सरलाबाईंकडून मूठभर भेंड्या आणल्या. प्रयोगशाळेच्या शेगडीवर रस ठेवला. एम.एस्सी.च्या वर्गात गुळाचा वास सुटला. मी मळी काढत होते आणि बापू स्टुलावर बसून सरांना विचारत होते.

"सर, हाई शिकीसन नोकरी लागस का?"

सर आमच्याशी पुस्तकी बोलायचे. बापूंशी मात्र ते सरळ घरच्या बोलीत बोलले. "खातरी नही, बापू."

"तुमले ते लागनी ना?"

"माले बी नही लागनी. मी तासवर शे. जितला तास शिकाडा, तितलाच पैसा."

आमच्या शेतात माणसं रोजाने येतात. इतका शिकलेला माणूसही रोजानेच येतो, हे बापूंना नवीन होतं. मला वाटलं, बरं झालं, आता पेटी उचलायला वेळ लागणार नाही.

रस गार झाला. गाळून, पुन्हा गाळून, पाणी घालून मी तो कोऱ्या चहाच्या रंगावर आणला. सर म्हणाले, "आधी तुझ्या वडलांना बघू दे."

आधी त्यांनी साध्या पाण्याची नळी ठेवली. बापूंनी टोपी काढून डोळा लावला. आत पिवळ्या उजेडाचं एक वर्तुळ दिसतं, मधोमध विभागलेलं.

"दोन्ही अर्ध सारखं दिसस का?"

"दिसस."

सरांनी पाणी काढून आमच्या रसाची नळी ठेवली. बापू दचकले. "एक बाजू अंधारी व्हई गयी."

सरांनी त्यांचा हात यंत्राच्या चकतीवर नेऊन ठेवला. "सावकाश फिरावा. दोन्ही सारखा व्हतीन तवलोंग."

नांगराने घट्टे पडलेली बोटं ती चकती केसाकेसाने फिरवत होती. "व्हयनं सारखं."

"जितलं तुमीन फिरावं, तितलाच उजेड तुमना रसनी फिराई दिधा."

"कोनता बाजूले?"

"जेवना हातकडे. साखर कायम तिकडेच फिरावस. तुमना ऊसनी ऱ्हावो, गुजरातनी ऱ्हावो, नही ते समुद्रपारनी."

बापूंनी यंत्रावरून डोळा काढला. "कोन शिकाडं तिले?"

सर म्हणाले, "झाडपाला, ऊस, आपलं आंग, सगळा जीवनी साखर घडनमा एकच बाजू धरेल शे. कसाले, ते आजूनलोंग कोनलेच पक्कं माहीत नही."

बापूंनी पुन्हा डोळा लावला. चकती मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली. माझ्या जन्माआधीपासून त्यांनी ऊस लावला, तोडला, गाड्या भरल्या. त्या उसात हे चाललेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मला सांगूनही कळलं नव्हतं. हाच प्रयोग मी बी.एस्सी.ला बाजारच्या साखरेवर केला होता, आकडे लिहिले होते आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आज अंगावर काटा आला. आमच्या वावरात ऊन पडतं, पानात त्याची साखर होते, आणि तीच साखर दिव्याच्या उजेडाला हाताला धरून वळवते. हे कुणी न बघताही रोज होत राहतं. मी तलाठी झाले असते तरी झालंच असतं.

"मंग काम ते बाकी शे," बापू म्हणाले.

"काम भलतं पडेल शे," सर हसले. "नोकरी नही."

बापूही हसले. मग उठले आणि त्यांनी टोपी घातली.

"चला, सामान वसतिगृहमा शे," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. मी जास."

"बापू, मीच ते तुमले बलावं."

"हा. तू घाबरी गयी व्हती."

"आते बी घाबरस."

"मी बी घाबरस," बापू म्हणाले. "पन आर्धामा सोडू नको."

मला रडू आलं. भीती काही गेली नव्हती. उलट आता ती तलाठ्याच्या क्लासवर ढकलायची सोय राहिली नव्हती.

दाराशी बापू सरांकडे वळले. "सर, पोरले शिकाडा."

सरांनी बोलीत नाही, अगदी कागदावरच्यासारखं उत्तर दिलं. "पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही, सांगता येत नाही."

"तवलोंग शिकाडा," बापू म्हणाले, आणि आमच्या तालुक्यात ज्येष्ठांना करतात तसा आपल्याहून लहान असलेल्या त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

ते जिना उतरून गेले. खाली पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. सरांनी माझ्याकडे पाठ केली आणि पाण्याची नळी पुसायला घेतली. ती कोरडी झाली तरी ते पुसतच राहिले. मग न वळताच म्हणाले, "चल, तुझी रीडिंग्ज राहिलीत."