अर्धं आटवलेलं पाणी

जळगावच्या पाणी-तपासणी प्रशिक्षण केंद्रात अकराव्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या घरचं पाणी तपासायचं होतं. डिंपलने धरणगावकडच्या त्यांच्या विहिरीची बाटली आणली होती. विहीर कपाशीच्या शेतात, शेजारी गोठा आणि उकिरडा. तिच्या परीक्षानळीतला रंग चढत चढत गर्द गुलाबी झाला. नायट्रेट लिटरमागे नव्वद मिलिग्रॅम. चालतं ते पंचेचाळीसपर्यंत.

"उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही," रूही मॅडम सांगत होत्या. "पाणी आटतं, ते आहे तेवढंच राहतं. अशा पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्या बाळाला दिलं, तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ निळे पडतात."

डिंपलने नळी हळूच स्टँडमध्ये ठेवली.

तिचा भाचा दोन महिन्यांचा होता. मोहिनीवहिनीला अंगावरचं दूध येईना म्हणून तो डब्याच्या दुधावर. त्याला गावातल्या फिल्टरच्या जारचं पाणी चाले. गेल्या रविवारी डिंपल घरी गेली, ती जंतूंचा धडा नुकताच शिकून. जार आतून किती घाण असतो ते तिने सगळ्यांना दाखवलं आणि तो बंद करायला लावला. विहिरीचं पाणी घ्या, चांगलं वीस मिनिटं उकळा, असं बजावलं. काल फोनवर वहिनी म्हणाली होती, बाळ मलूल आहे, ओठ काळसर दिसतात, थंडी बाधली असेल. त्यावर डिंपल काय बोलली होती? पाणी अजून थोडं जास्त उकळ.

ती वर्गातून उठली. वहिनीचा फोन लागेना. हितेंद्रदादाचा बंद. पाचव्या खेपेला आजीने, धुरपदाबाईने, उचलला. डिंपलने एवढंच सांगितलं की बाळाला आता काही पाजू नका, त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता जळगावच्या दवाखान्यात या. आजीने ‘का’ म्हणून विचारलं नाही. नात सायन्स शिकलेली होती.

जीप यायला सव्वा तास लागला. डिंपल दवाखान्याच्या फाटकात बाटली आणि आकड्याचा कागद घेऊन उभी होती. बाळ रडत नव्हतं. त्याची नखं राखेच्या रंगाची झाली होती. डॉक्टरांनी कागद वाचला, रक्त काढलं. ते चॉकलेटसारखं तपकिरी होतं. सुईतून निळं औषध सुरू झालं. तासाभरात कळेल, म्हणाले.

बाकावर वहिनी भिंतीकडे बघत बसली होती. आजीने पिशवीतून थर्मास काढला.

"तू सांगेल तसंच पानी उकाळेल शे, बेटा. आर्धं आटाई टाकेल शे. पोरगं उठनं का लगेच दूध करसूत."

म्हणजे नायट्रेट दुप्पट, एकशे ऐंशी. आकडा डोक्यात आपोआप तयार झाला. आजी थर्मास पुढे धरून बसली होती. आता जे बोलायचं ते वहिनीसमोरच बोलावं लागणार होतं.

"आजी, हेच पाणी बाळाला बाधलं. चूक माझी आहे."

आजीचा हात तसाच राहिला. वहिनीने मान वळवली नाही. ती म्हणाली, "जारचं पाणी घेऊन या, ताई."

डिंपल उठली. दाराच्या काचेतून बाळाचा एक हात दिसत होता. त्याची नखं अजून राखेसारखीच होती. तासातली वीस मिनिटं झाली होती.