जुन्या नमुन्याची खोबण

“पेटी उघड, लांबेर. माझा एक बिघडलेला नग तिच्यात गेलाय.”

वाल्तेर असं म्हणाला आणि शेजारच्या बाकावर मापं तपासणारी मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघतच राहिले. म्यूज नदीकाठच्या आमच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं लष्करी रायफलीचे, गोळी जिथे भरतात ते लोखंडी सांगाडे मिलिंग मशीनवर कोरत होता. जुन्या नमुन्यात वजन कमी करायला दोन्ही अंगांना बाहेरून लांब खोबण काढायची. ते सांगाडे फार वापरले की तडकायचे, म्हणून नव्या नमुन्यात तिथलं लोखंड तसंच ठेवायचं ठरलं. नवं ड्रॉइंग येऊन दोन महिने झाले, तरी त्याच्या हाताची सवय जात नव्हती.

“पण मी तपासला ना तो?” मी म्हणाले.

“तुझं माप आतून फिरतं, जोझे. खोबण बाहेरून आहे.”

फोरमन लांबेर वाल्तेरच्याच हाताखाली शिकलेला. तो कुजबुजला, “अहो, गप्प बसा ना! कुणाला कळणारे? आणखी एक चूक झाली की तुम्हाला मशीनवरून काढायचं, असं वरून लेखी आलंय. मग काय, आवार झाडणार?”

“झाडीन. कुणा सैनिकाच्या गालाशी तो फुटला म्हणजे?”

खरं सांगते, मला त्याचा रागच आला. आपणहून पायावर धोंडा मारून घ्यायची एवढी कसली घाई?

पेटीतले दोनशे सांगाडे बाकावर मांडले. वाल्तेर एकेकावरून अंगठा फिरवत गेला आणि एका जागी थांबला. इतकी सुबक खोबण आमच्याकडे दुसऱ्या कुणालाच जमत नसे.

वाया गेलेला नग ज्याचा त्यानेच सगळ्यांदेखत करवतीने कापायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणजे तो चुकून परत पेटीत जात नाही.

“द्या इकडे, मी कापतो,” लांबेर म्हणाला.

“माझा आहे तो.”

त्याने तो शिकंज्यात आवळला. आजूबाजूची मशीनं एकेक करून बंद झाली. मला रडू आवरेना. तुकडे वेगळे झाले तेव्हा लांबेर खाली बघत म्हणाला, “सोमवारपासून... आवारात.”

“बरं.”

मग वाल्तेरने कानस घेतली. भंगार उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून दोन्ही तुकड्यांच्या कडा सावकाश घासल्या, बोट फिरवून पाहिलं, आणि मगच ते भंगारात टाकले.