फौजदार हातमोजे काढतो

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की इमारतीतली मंडळी मास्तरांच्या घरी जमायची. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. शिकाऊ माणसाने गाडी खांबावर घातली तरी आवाज न चढवणारे, असा त्यांचा लौकिक. भिंतभर टीव्ही त्यांनीच आणला होता आणि त्यावर ती घोड्यांची, बंदुकांची परदेशी मालिका लागायची. तिच्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरायची, आणि तीही पटकन नाही. पोटात गोळी बसलेला माणूस अर्धा भाग केकाटत राहायचा.

"याला म्हणतात खरं!" तळमजल्यावरचे पोस्टमन भाऊजी खूश होऊन म्हणायचे. "बाकीच्या मालिकांत मरतानासुद्धा भांग मोडत नाही."

पण खरी गंमत होती ती मास्तरांच्या बायकोची. सगळे तिला वहिनी म्हणत. पडद्यावर चार जण हसतखेळत पत्ते कुटत असावेत आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून वहिनीने म्हणावं, "आता तो दाढीवाला मार खाणार." की लगेच दाढीवाल्याचं थोबाड टेबलावर आपटलेलं आणि दात पत्त्यांवर सांडलेले. भाऊजी तिच्यावर चहाच्या पैजा लावायचे आणि हरायचे. कौतुक झालं की वहिनी कानापर्यंत लाल व्हायची. त्या घरात तिच्या वाट्याला तेवढंच कौतुक येत होतं.

तिला मालिका कळत होती डोंबल! तिला मास्तर कळत होते. लग्नानंतर ती हेच शिकली होती. आधी त्यांचा आवाज गोड व्हायचा. मग हातातला ग्लास जराही न वाजता खाली यायचा. मग मनगटावरचं घड्याळ निघायचं. घड्याळ निघालं की वहिनी टीपॉयवरचे काचेचे ग्लास भराभर आत नेऊन ठेवायची. मार चुकत नसे, पण काच तरी पायात जात नसे. आवाज टीव्हीचाच असेल, असं म्हणायला शेजारी मोकळे होते.

त्या रविवारी मालिकेतल्या फौजदाराने तबेलेवाल्याला भर रस्त्यात ओढून आणलं होतं. गाव खिडक्यांतून बघत होतं.

"एवढं गाव, आणि एकाच्याही अंगात दम नाही!" भाऊजी ओरडले. "मी असतो ना तिथे..."

"बसा हो खाली," इस्त्रीवाली मावशी म्हणाली. खाली रस्त्यावर तिचं दुकान होतं आणि लोखंडी इस्त्री फिरवून फिरवून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. तिला ही मालिका बघवत नसे. ती आपली सोबतीसाठी यायची.

"वहिनी, आता काय?"

"आता मारणार."

"कशावरून? तो तर हसतोय."

एरवी वहिनी नुसती हसली असती. आज कौतुकाने तिला धीर आला होता, आणि ती बोलली. "हसतोय म्हणूनच. आवाज बघा कसा गोड झालाय. मघाशी ग्लास ठेवला तो वाजला नाही. आणि आता हातमोजे काढतोय. मारणारा माणूस आपली किमती वस्तू आधी जपून ठेवतो."

फौजदाराने हातमोजे खिशात ठेवले आणि पिस्तुलाची मूठ तबेलेवाल्याच्या जबड्यावर हाणली. जबडा एका बाजूला लोंबला. तो चिखलात पडल्यावरही फौजदार हाणतच राहिला, चेहरा ओळखू येईना तोवर. खोलीत टाळ्या पडल्या.

"आणि हातमोजे नसले तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर घड्याळ काढतो," वहिनी पडद्याकडे बघतच बोलून गेली.

वहिनीने वळून पाहिलं, तर मावशी टीपॉयकडे बघत होती. चहाच्या ग्लासांमध्ये मास्तरांचं घड्याळ होतं, पट्टा नीट सरळ करून ठेवलेलं. कौतुकाच्या नादात तिला ते आज पहिल्यांदाच दिसलं नव्हतं.

"बरीच हुशार झालीस गं," मास्तर मधाळ आवाजात म्हणाले.

"नाही हो, ते मालिकेतलं..."

यापुढे त्याला अहो-जाहो करायचं काही कारण नाही. त्याने दार बंद व्हायचीही वाट पाहिली नाही. पहिल्याच फटक्याने वहिनीचं तोंड चौकटीवर आदळलं आणि ओठ फाटला. केस धरून त्याने तिला उभं केलं आणि बरगडीत गुडघा घातला. ती खाली कोसळली. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा आला. भाऊजी टीव्हीकडे बघत राहिले.

"घरचा मामला आहे," मास्तर हसून म्हणाला. "तुम्ही बघा ना, भाग चांगला आहे."

मावशी उठली. आता सगळे चपला शोधणार, वहिनीला वाटलं, आणि दार लागलं की हा आज मला जिवंत ठेवत नाही. मावशी दारापर्यंत गेली. तिने आतून कडी घातली आणि परत आली. मग स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून, पट्टा सरळ करून, तिने ते मास्तरच्या घड्याळाशेजारी ठेवलं.

"मास्तर," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात मावशीला बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. "जरा इकडे या बघू."

"वहिनी," भाऊजी कुजबुजले, "आता काय?"

वहिनी भिंतीला धरून उठली आणि टीपॉयवरचे ग्लास भराभर उचलायला लागली.