हात वर, बायांनो

"हात वर गं बायांनो, हात वर!" थोरल्या जाऊबाईंची हाक ओवीसारखी लांबत जायची, आणि मगच धुलाईखान्यातल्या इस्त्रीच्या यंत्राचं तापलेलं झाकण चादरींवर कोसळायचं.

पुढे जाऊबाईच त्या झाकणाखाली सापडल्या आणि त्यातच गेल्या. वर्षं लोटली, तरी धाकटीला ती हाक वाफेतून ऐकू यायची. झाकण पडायच्या आत तिचे हात आपोआप वर जायचे. हे ती कुणाला बोलली नव्हती. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आज मुकादमाने जाऊबाईंच्या, तेव्हापासून रिकाम्याच असलेल्या जागी एका नव्या बाईला उभं केलं.

"घाबरू नका हो, यंत्र म्हणजे गरीब गाय आहे. आधीची बाई पेंगत होती, म्हणून तसं झालं."

धाकटीने मान खाली घातली. चौकशीच्या वेळीही तिने अशीच घातली होती. घरची चूल याच कामावर पेटत होती.

झाकण सुटलं. नव्या बाईचे हात झटकन वर गेले.

"अगंबाई, केवढा गोड गळा!" ती हसत वळली. "कोण ओरडलं गं?"

कोणीच ओरडलं नव्हतं. पण रांगेतल्या साऱ्या बायांचे हात वर होते, आणि त्या एकमेकींकडे बघत होत्या.

धाकटीने पुढे होऊन यंत्र बंद केलं.

"जाऊबाई पेंगत नव्हत्या," ती मुकादमाला म्हणाली. "काम लवकर उरकावं म्हणून हात अडवणारी जाळी तुम्ही काढायला लावलीत. मी तिथंच उभी होते. ती जाळी परत बसल्याशिवाय आता आमचे हात खाली यायचे नाहीत."