तिसऱ्यांदा पासवर्ड चुकला असता तर

मी दवाखान्यांचं पोर्टल बोलतोय. शुक्रवारी मला बंद करणार आहेत, म्हणून जरा घाईतच बोलतो.

२०१५ साली डहाणूतल्या एका आरोग्य संस्थेने मला बनवून घेतलं. रजेचे अर्ज, परिपत्रकं, औषधांचा साठा, पेशंटच्या नोंदी, सगळं माझ्याच पोटात. तलासरीपर्यंतच्या सात दवाखान्यांतल्या सिस्टर रोज मला उघडायच्या. त्यांत सुनंदाताई सगळ्यांत नेटक्या. "माझ्यानंतर येईल तिला कळलं पाहिजे," असं म्हणत त्या एकही रकाना रिकामा सोडत नसत.

पण मी अवजड. अच्छाडच्या बाजूला नेटवर्क नावापुरतंच, आणि एका नोंदीला माझे चौदा रकाने. सिस्टर वैतागायच्या.

२०१७ मध्ये सगळ्यांच्या फोनवर ग्रुप निघाला. "साप चावलाय, गाडी पाठवा," लिहिलं की दोन मिनिटांत ड्रायव्हर निघालेला. खरं सांगतो, मला हेवा वाटला. हळूहळू नोंदीसुद्धा ग्रुपवरच जाऊ लागल्या. माझ्याकडे फक्त रजेचे अर्ज उरले.

२०१८ च्या नोव्हेंबरातली एक दुपार. अच्छाडजवळच्या पाड्यावरून हाल्या आपल्या बायकोला, काळीला घेऊन दवाखान्यात आला. भातकापणीत विळा लागून तिचा पाय चिघळला होता, अंगात ताप होता. नवीन सिस्टर संगिताने डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि इंजेक्शन भरलं. तेवढ्यात हाल्याने तिचा हात धरला.

"बाय, थांब. मागं सुई दिली तवा हिचा तोंड सुजलेला. दम लागलेला."

"कुठली सुई?"

"ता मना काय ठावं?"

संगिताने ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल चार अंगठे आणि दोन जोडलेले हात आले. मग बोर्डीहून बसने येणाऱ्या सुनंदाताईंचा मेसेज आला: "देऊ नका! मीच पाहिलं होतं तिला. औषध आठवत नाही. पोर्टलवर आहे."

संगिताकडच्या नेटवर्कवर मी लवकर उघडेना, म्हणून डहाणूचं ऑफिस सांभाळणाऱ्या दशरथभाऊंनी मला उघडलं. वर्षभरात त्यांनी नोंदींचं पान पाहिलं नव्हतं. त्या पानाचा पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला की मी तासभर कुलूपबंद होतो. माझा नियम मला मोडता येत नाही. मी नुसता तडफडत होतो.

दशरथभाऊंनी कीबोर्डवरून हात काढला आणि सुनंदाताईंना फोन लावला. ताईंनी भर बसमध्ये आपला पासवर्ड ओरडून सांगितला.

पान उघडलं. मार्च २०१६. काळी. पेनिसिलिन चालत नाही.

दशरथभाऊंनी माझ्या पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. माझ्याकडून तो निरोप संगिताच्या दवाखान्यात कधी पोचला असता, देव जाणे. ग्रुपने तो क्षणात पोचवला. संगिताने भरलेलं इंजेक्शन पेनिसिलिनचंच होतं, ते तिने फेकलं. डॉक्टरांनी दुसरं औषध सांगितलं. संध्याकाळी संगिताने हे सगळं, हाल्याच्या शब्दांसकट, माझ्यात लिहिलं. चौदाही रकाने भरले.

पुढे आठवडाभर सगळ्या सिस्टर नोंदी करत होत्या. मग पुन्हा शांत.

आता २०१९. "सगळं ग्रुपवर असतंच की," असं मीटिंगमध्ये ठरलं. सुनंदाताई भांडल्या, हरल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. आता त्या आणि दशरथभाऊ कोणाला कुठलं औषध चालत नाही याचा माझ्यातला एकेक इशारा लाल शाईने कार्डावर उतरवतायत.

"आणि मधल्या दोन वर्षांचे?" ताईंनी विचारलं.

दशरथभाऊंनी फोन काढला. वाढदिवस, फुलं, बदलीच्या शुभेच्छा. बोट सरकवत सरकवत ते दिवाळीपर्यंत मागे गेले, तर त्याआधीचं काहीच नाही. मध्येच त्यांनी फोन बदलला होता.

 ताईंनी संगिताला फोन लावला आणि आठवेल ते सांगायला लावलं.

सिस्टर, माझं काही म्हणणं नाही, मला बंद करा. पण कोणाला काय चालत नाही ते जिथे उद्या सापडेल तिथे लिहा. कागदावर लिहा, भिंतीवर लिहा.

काळीचं कार्ड झालं. अजून दोनशेअकरा बाकी आहेत. आणि दशरथभाऊ, कुठे निघालात? चहा नंतर घ्या ना!