लोखंडी पुलाजवळचा छेद

माझे दोन्ही भाऊ एकाच आईचे, पण नदी त्यांच्यामधून वाहते. अलीकडे ऑर्व्हिल, पलीकडे डेल. सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात, ते ह्यांच्याकडे बघूनच म्हणत असतील.

आमच्या मिसूरीत पुराचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: समोरचा बांध फुटला की आपला वाचतो. म्हणून पाणी चढलं की बांधावर वाळूच्या पोत्यांबरोबर बंदुकाही येतात. मागच्या पुरात ऑर्व्हिलचा बांध गेला आणि त्याची बायको लोरेन पोटमाळ्यावर अडकून मेली. बांध डेलनेच फोडला, हे ऑर्व्हिलच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुरावा काडीचा नव्हता.

त्या दुपारी आम्ही पुलाशी पोती रचत होतो, तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. बांध मंडळाचा इंजिनियर प्रूइट कंप्युटरवर आमची नदी वाहवून बघतो. तो तिला हवी तिथे पावासारखी कापतो, त्याला छेद म्हणतो, आणि आतलं सगळं दिसतं: दोन्हीकडे बांध, मध्ये निळं पाणी. उद्याचं पाणी पुलाशी कुठवर येणार, ते त्याने कापून, चित्र काढून सगळ्यांना धाडलं होतं.

चित्रात डावा बांध पाण्याखाली होता. उजवा चांगला हातभर वर, कोरडा.

ऑर्व्हिल पुलावर, पाणी येतं तिकडे तोंड करून उभा होता. पुरात आम्ही सगळे तसेच उभे राहतो. येणाऱ्या पाण्याकडे पाठ कोण करेल? त्याने फोन समोर धरला. डावीकडे त्याचं घर होतं.

"पुन्हा मीच," तो म्हणाला. "पुन्हा मीच बुडायचं, आणि तो पलीकडे बसून बिस्किटं खाणार!"

"अरे, प्रूइटला विचार तरी आधी."

"काय विचारायचंय? डोळे फुटलेत का माझे?"

मी प्रूइटला फोन लावला. लागेना. सगळा तालुकाच त्याला फोन लावत असणार. तोवर ऑर्व्हिल खोदायच्या यंत्रावर चढून पुलावरून डेलच्या बांधाकडे निघाला होता. मी मागून धावले, ओरडले, शिव्या दिल्या. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

डेल त्याच्या बांधावर बंदूक घेऊन उभाच होता.

"फिर मागे, म्हाताऱ्या! नाहीतर तुला लोरेनकडे धाडतो."

हे त्याने बोलायला नको होतं. मला त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

यंत्राची बकेट बांधात घुसली. डेलने गोळी झाडली. काच फुटली, ऑर्व्हिलचा कान आणि अर्धा गाल लोंबायला लागला. तो थांबला नाही. त्याने बकेट मातीतून उपसली आणि आडवी फिरवली. लोखंडी दात डेलच्या छातीत बसले. फांदी मोडावी तसा आवाज आला. डेल पडला. ऑर्व्हिल त्याच्याकडे न बघता खोदतच राहिला, रक्त थुंकत, लोरेनचं नाव घेत, पाणी खळाळत पलीकडे शिरेपर्यंत.

माती पायाखालून जायला लागली तसं त्याने यंत्र पुलावर मागे घेतलं. मी डेलला पट्ट्याला धरून फरफटत पुलावर आणलं. माझा लहान भाऊ! लहानपणी मी त्याला अशीच ओढत घरी न्यायची. त्याच्या तोंडातून लाल फेस आला, मग तोही थांबला.

तेव्हा कुठे प्रूइटचा फोन आला.

"व्हर्ना, डेलला घर सोडायला सांग. उद्या त्याच्या बांधावरून पाणी जाणार."

"डेलच्या? चित्रात डावा बुडालाय. डावा ऑर्व्हिलचा."

"अगं, नाही! पाणी जातं तिकडे तोंड करून बघायचं असतं. आम्ही इंजिनियर सगळे तसंच काढतो."

"मग लिहायचं होतंस, गाढवा!"

"हे कुणी लिहितं का?" तो म्हणाला. मी फोन बंद केला.

ऑर्व्हिल खाली उतरून कठड्याला टेकला होता. "झालं आता," तो म्हणाला. "सुटलो."

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन फिरवलं, पाणी जातं तिकडे. चित्र त्याच्या नाकासमोर धरलं.

"असं बघायचं असतं. आता सांग, डावा कुणाचा?"

त्याने डावीकडे पाहिलं. तिथे फुटलेला बांध होता, आणि त्याच्या अलीकडे, पुलावर, डेल.

"म्हणजे त्याचा... जाणारच होता?"

"तू घरी कॉफी पीत बसला असतास तरी."

तो गुडघ्यांवर बसला आणि डेलच्या छातीवर दोन्ही तळवे दाबून रक्त थांबवायला लागला. ते केव्हाच थांबलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.