खुंटाखालचं पाणी

डोमा पाणकराच्या हयातीत पळसबोडीच्या तलावाचं पाणी खाचेखाली पिण्यापलीकडे कुणी उपसलं नव्हतं. त्याच्या बापाच्या हयातीतही नाही; तोही पाणकर, तलावाचा राखणदार. तलावाच्या मधोमध ऐनाचा एक खुंट रोवला होता आणि त्याला खाच पाडली होती. उन्हाळ्यात पाणी उतरत उतरत त्या खाचेला टेकलं, की डोमा पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभा राहून हाळी द्यायचा, "खाच लागली होऽऽ!" त्या दिवसापासून भाजीच्या वाफ्याला पाणी बंद, म्हशींना बंद, जाळं बंद. फक्त माणसाच्या पिण्याला घरटी दोन गुंड, म्हणजे दोन घागरी. तेवढं पाणी मृग लागेपर्यंत गावाला पुरायचं, आणि त्यात तगलेल्या मरळी मासोळ्या पुढच्या साली ढिवरांची घरं चालवायच्या. त्या दिवसांत पाटलाच्या म्हशीलाही डोमा काठी दाखवायचा आणि पाटील मुकाट्याने म्हैस वळवायचा. जातीने ढिवर, अंगात फाटकी बंडी, पण त्या महिनाभरात गावात त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नसे.

विहीर म्हणाल तर होती एक. फाल्गुनातच तिचा तळ दिसायचा आणि तळाशी बेडूक बसलेले. नवी विहीर द्या म्हणून गावाने तीन अर्ज केले. पहिले दोन नागपूरच्या सरकारात गेले. मग सरकारच बदललं, अख्खा चांदा जिल्हा मुंबईला जोडला गेला. तिसऱ्या अर्जाचं पटवारी गुणवंतराव आता सांगायचे, "कागद नागपुरातून निघाला, मुंबईस पोचला नाही." पाच महिने कागद रस्त्यातच! एवढ्यात बैलगाडीसुद्धा मुंबई पाहून परत आली असती.

आणि अशा वेळी, सत्तावनच्या चैत्रात, माजरी टेसनावरून एक ट्रक आणि मागून सहा बैलगाड्या गावात शिरल्या. त्यावर लोखंडी नळ, इंजिन, तीन पायांचा उंच सांगाडा. गावाबाहेरच्या पडीक जमिनीत सांगाडा उभा राहिला आणि जमिनीला भोक पाडायचं काम सुरू झालं.

"विहीर आली!" गाव म्हणालं. सरकारी माणसं, सरकारी गाडी, आणि जमिनीत भोक. दुसरं काय असणार? बायांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. खाकी हाफपँटमधला साहेब खुर्चीवर बसून बघत होता. त्याने प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि छान आहे म्हणाला.

डोमाने हात जोडून विचारलं, "साहेब, पाणी किती खोल लागन जी?"

"ते खाली गेल्याशिवाय कसं सांगणार?" साहेब हसला.

आता याला खोटं कोण म्हणेल? साहेब एक अक्षर खोटं बोलला नाही. पुढेही बोलला नाही. मी म्हणतो, त्यापेक्षा तो खोटं बोलला असता तर परवडलं असतं. निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आठवड्याने साहेब स्वतः डोमाच्या अंगणात आला. गुणाबाईने, डोमाच्या बायकोने, लगबगीने घोंगडी टाकली. साहेब म्हणाला, "मशीनला पाणी लागतं. पाण्याशिवाय नळ खाली सरकत नाही. तसा मालगुजाराची जमीनदारी गेल्यापासून तलाव सरकारचाच आहे म्हणा. पण गावात तुमचा मान आहे, म्हटलं विचारून घ्यावं."

डोमाची छाती दोन बोटं वर आली. सरकार त्याच्या घोंगडीवर बसून त्याला विचारत होतं!

साहेब गेल्यावर गुणाबाई म्हणाली, "अजी, जे मशीन पाणी काढाले आली, थे पाणी पेऊन कायले राह्यली?"

"अवं, गाय दुहाची तं आंधी पेंड टाका लागते."

"अन् गाय भाकड निघाली तं?"

"तुले काय समजते वो? सरकारची मशीन हाय थे!"

तलावात नळ पडला. इंजिन दिवसभर पाणी ओढायचं, भोकातून राखाडी चिखल वर यायचा आणि चिखलासोबत दगडांचे गोल गोल तुकडे. साहेब ते तुकडे लांबट पेट्यांत ओळीने मांडायचा, वर नंबर घालायचा. एका पेटीत काळेकुट्ट तुकडे आले तेव्हा साहेबाने आपल्या माणसांना गूळ वाटला. डोमालाही दिला. डोमाने तो आनंदाने खाल्ला. पाणी जवळ आलं असणार, नाही तर गूळ कशाला?

वैशाखाच्या सुरुवातीलाच पाणी खाचेला टेकलं. डोमा पाळीवर गेला, तोंडाशी हात नेला, आणि इंजिनाकडे बघून हाळी न देताच खाली उतरला.

त्या संध्याकाळी चावडीपुढे गाव बसलं. मुखरू म्हणजे डोमाचा चुलतभाऊ, तोही ढिवर. तो उठून उभा राहिला. "डोमाभाऊ, नळ काढ म्हण साहेबाले. खाच लागली. तुह्या बापानं मालगुजाराले नाई देल्लं, अन् तू याले देऊन राह्यला?"

"आजच्या दिवसाले नळ काढला तं विहीर अर्धी राह्यते, मुखरू."

"अन् पाणी नाई लागलं तं?"

"लागन. माह्या शब्दावर सोडा. आजवर माह्या शब्दानं गाव तहानलं का? सांगा कोणी!"

गाव कधी तहानलं नव्हतंच. शब्द चालला. दुसऱ्या दिवशी डोमा स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि नळाचं तोंड त्याने आपल्या हाताने खुंटाच्या बुडाशी नेऊन टेकवलं.

आणखी अकरा दिवस इंजिन चाललं. बाराव्या दिवशी दुपारी भोकातून गुरगुर ऐकू आली, राखाडी चिखल थांबला आणि माणूसभर उंचीचं स्वच्छ पाणी धो धो वर आलं. पंप नाही, दोर नाही, आपोआप! काय ती धांदल झाली! बाया गुंड घेऊन धावल्या, म्हाताऱ्यांनी अंगावर घेतलं, मुखरूने डोमाचे पाय धरले. "भाऊ, चुकलो मी," म्हणाला. डोमा रडत होता, आणि रडतो आहे हे कुणाला दिसू नये म्हणून पुन्हा पुन्हा पाण्याखाली तोंड नेत होता. गुणाबाई पाणी ओंजळीत घेऊन प्याली. "गोड हाय," एवढंच म्हणाली, आणि हसली.

दोन दिवस गाव ते पाणी प्यालं. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबाच्या माणसांनी सिमेंटची पोती फोडली.

डोमाला वाटलं, विहिरीला कठडा बांधताहेत. जवळ जाऊन बघतो तर भोकात नळी घालून सिमेंट आत सोडत होते. तो धावत साहेबापाशी गेला.

"साहेब, हे का करून राह्यले जी? पाणी बुजते ना!"

"बुजवायचंच आहे." साहेब नकाशा गुंडाळत होता. "आम्ही कोळसा बघायला आलो होतो. कोळसा किती खोल, किती जाड, ते कळलं. पुढेमागे इथे खाण झाली तर हे पाणी खाणीत शिरेल. नियमच आहे, भोक बंद करून जायचं."

"मंग आमची विहीर?"

"कसली विहीर?"

डोमाने भोकाकडे बोट दाखवलं. म्हणाला, "तुमी तं सांगतलं नाई कधी..."

"तुम्ही विचारलं का कधी? पाण्याचं खातं वेगळं, बाबा. त्यांच्याकडे अर्ज करा."

डोमाने साहेबाचे पाय धरले. चारचौघांत, गावासमोर, ज्या गावाने त्याला कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं. "साहेब, तलाव देल्ला तुमाले. खुंटाखालचा देल्ला. पाऊस पडेवर तरी राहू द्या जी." साहेबाने त्याला खांद्याला धरून उठवलं, अगदी अदबीने. तोवर पाण्याचा आवाज बसत बसत बंद झाला होता.

मृगाला अजून महिना होता. तलावात चिखल उरला, चिखलात मरळी तडफडल्या, आणि चार दिवसांत सगळ्या पाळीला असा वास सुटला की घारीसुद्धा कंटाळल्या. बाया अडीच कोसावरच्या वर्धा नदीवर जाऊ लागल्या. डोमाला कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गुणाबाई पहाटे गुंड घेऊन निघायची आणि जाताना एवढंच म्हणायची, "येतो जी." तेवढ्यानं डोमाचं काळीज कापलं जायचं.

मग कळलं, की सांगाडा आता कुरुडपारला उभा राहिला आहे. तिथे तलाव आहे, तलावाला पाणकर आहे, लच्छू त्याचं नाव. डोमा भर उन्हात तीन कोस चालत गेला. जे आपल्या गावाचं झालं ते दुसऱ्याचं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पोचला तेव्हा कुरुडपारचं सगळं गाव पाळीवर जमलं होतं. इंजिनाला हळदकुंकू लावलेलं. साहेब उभा होता आणि लच्छू हातात नळाचं तोंड धरून होता.

"लच्छूभाऊ, देऊ नको!" डोमा लांबूनच ओरडला. "पाणी देऊ नको त्यायले! आमचा तलाव गेला!"

लोक चपापले. लच्छू थांबला. साहेबाने वळून पाहिलं, डोमाला ओळखलं आणि प्रेमाने हात केला.

"या, डोमा. बरे आलात. तुम्हीच सांगा यांना, तुमच्या गावी पाणी लागलं की नाही? खरं तेच सांगा."

सगळे डोमाकडे बघू लागले.

"लागलं," तो म्हणाला.

"किती लागलं?"

"माणूसभर उडालं. पण..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. बायांनी टाळ्या पिटल्या, कुणी 'जय'चा गजर केला, त्यात इंजिन सुरू झालं. डोमा ओरडत राहिला, सिमेंट म्हणाला, कोळसा म्हणाला, मरळी म्हणाला. पाळीवरची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "सोताच्या गावाले भेटलं, अन् आमचं पाहावत नाई मेल्याले."

लच्छू पाण्यात उतरला, नळ सोडला आणि ओल्या पायांनी वर आला. मनाने चांगला माणूस. त्याने डोमाला झाडाखाली बसवलं आणि घरून लोटा भरून आणवला.

"उन्हातून आला भाऊ. आंधी पाणी पे, मंग भांड."

डोमाने दोन्ही हातांनी लोटा धरला आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं.